तोंडावर उजेड

नगराळे सर रस्त्याने उलटे चालायचे. एकटे असले की सगळ्यांसारखे सरळ. पण बरोबर माणसं असली आणि बोलणं सुरू झालं, की सर झपझप पुढे जायचे, गर्रकन वळायचे आणि आमच्याकडे तोंड करून मागे मागे सरकत बोलत राहायचे. मागचा रस्ता चाचपायला हातात एक काळी छत्री असे, टोक पाठीमागे केलेली. दत्त चौकातल्या दुकानदारांना याची सवय झाली होती. "मास्तर, मांगं गाय हाये," असं गल्ल्यावरून कुणीतरी सांगायचं. सर छत्रीने अंदाज घ्यायचे, गायीला वळसा घालायचे आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचे. एकदा ते नालीत पडले. मी समोरच होते. नालीतून वर येतानाही त्यांनी तोंड आमच्याकडेच ठेवलं आणि पुढचा मुद्दा सांगितला.

सर जाऊन आता काही वर्षं झाली. ती छत्री माझ्याकडे आहे. काड्या दोनदा बदलल्या, कापड एकदा. कशी आली ते ओघात येईलच.

साठ साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. मी घाटंजीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील कचेरीत हेडक्लार्क, घरातले सगळे लिहिण्यावाचण्याच्या नोकऱ्यांत, त्यामुळे मुलगी मास्तरीण झाली याचं घरात फारसं कौतुक नव्हतं. शाळेला मात्र माझी बी.ए. पुरेशी वाटेना. ट्रेनिंग करून या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं संस्थेने कळवलं. मी ट्रंक भरली आणि यवतमाळला बी.टी.च्या वर्गात दाखल झाले. बऱ्याच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव गाठीशी होता. मला कुणी नवीन काही सांगेल असं वाटत नव्हतं.

पहिल्याच सराव पाठाला ते वाटणं संपलं. कॉलेजला जोडलेल्या हायस्कुलात आठवीवर इतिहासाचा तास होता. मी जशी नेहमी शिकवायची तशीच शिकवत होते, म्हणजे फळ्यावर लिहीत लिहीत बोलत होते. मागच्या भिंतीशी निरीक्षक म्हणून बसलेले एक सावळे, उंच, सफाचट दाढीमिशांचे गृहस्थ मध्येच म्हणाले, "बाई, फळ्याले इतिहास येते. पोराइले सांगा."

वर्ग हसला. मीही हसले असते, पण पाठाला गुण होते. ते आमच्या कॉलेजातले नगराळे सर. तास संपल्यावर ते जवळ आले आणि मला शुद्ध पुस्तकी मराठीत समजावून सांगितलं: आधी लिहा, मग वळा, मग बोला. लिहिताना बोलू नका, बोलताना लिहू नका. सरांच्या दोन बोल्या होत्या. व्याख्यान देताना पुस्तकी आणि खरं बोलायचं असलं की वऱ्हाडी. पुस्तकी बोलीतलं त्यांचं एकही वाक्य मला आज आठवत नाही.

सर मुंबईला जाऊन बहिऱ्या मुलांना शिकवण्याचं ट्रेनिंग घेऊन आले होते. पदवीनंतर कुणी असलं ट्रेनिंग घेतं हेच आमच्याकडे नवल होतं. परत येऊन त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, की बी.टी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला यातलं थोडं तरी यायला हवं. प्राचार्य म्हणाले, जिल्ह्यात बहिऱ्यांची शाळाच नाही, मग शिकवणार कुणाला? सर म्हणाले, "शाळा नाही म्हणून पोट्टे नाहीत काय? ते तुमच्याच शाळेत हायेत, मांगच्या बाकावर. तुम्ही त्याइले ढ म्हणता."

प्राचार्यांनी शनिवारची दुपार दिली. गुण नाहीत, परीक्षा नाही, यायचं तर या. आलो आम्ही सात-आठ जण. मी गेले ती तत्त्वासाठी नव्हे. वसतिगृहाच्या पत्र्याखाली दुपारी बसवत नसे आणि सरांच्या खोलीला उत्तरेकडे मोठ्या खिडक्या होत्या.

त्या खिडक्यांचंही कारण होतं. सर बोलायला उभे राहिले की आधी उजेड शोधायचे. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं तर चेहरा काळा पडतो, ओठ दिसत नाहीत. म्हणून खिडकीकडे तोंड. आमच्यातलं कुणी चुकीच्या जागी उभं राहिलं की छत्रीचं टोक खांद्याला लागायचं. "तोंडावर उजेड घ्या. तोंड कायले लपवता? चोरी केली काय?" चहाच्या टपरीवरही ते कंदिलाची बाजू बघून बसायचे.

शनिवारी ते जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, कापूस आणायचे. यवतमाळला दुसरं काही मिळो न मिळो, कापसाला तोटा नाही. आम्ही कानांत बोळे घालायचो आणि समोरच्याने आवाज न काढता बोललेलं ओळखायचो. तेव्हा कळलं की पाप, बाप आणि माप ही ओठांवर अगदी सारखी दिसतात. ठाकरे नावाचे एक जाडजूड गृहस्थ आमच्यात होते. त्यांनी "बाप" असं ओठांनी म्हटलं आणि मी "पाप" लिहिलं. ते रागावले. सर खूश झाले. म्हणाले, "म्हणून एकटा शबुद फेकू नका. वाक्य द्या. 'बाप बजारात गेला' म्हटलं का कोणी पाप नाही समजत."

ओरडू नका, हे त्यांचं दुसरं सांगणं. तोंड वेंगाडू नका, हे तिसरं. बहिऱ्या पोराला मोठं तोंड नको, साधं तोंड पाहिजे. मिशा ओठांवर येऊ देऊ नका. स्वतः सरांनी मुंबईहून येताना मिशा काढल्या होत्या, तेव्हा सासरेबुवांनी त्यांना दारातच कोण पाहिजे म्हणून विचारलं. आणि तोंडात पान नको. हे सरांना फार जड गेलं होतं. चांगले पट्टीचे पान खाणारे होते ते. पानाच्या ठेल्यासमोरून जाताना मात्र ते सरळ चालायचे आणि भरभर.

आणखी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा बजावायचे. बहिरं मूल मान हलवतं, त्यावर विश्वास ठेवू नका. "समोरचा बोलून राह्यला, आपल्याले काही समजून नाही राह्यलं, तवा माणूस काय करते? मान हालवते. मान हालली म्हणून खूश होऊ नका. इचारा."

उलटं का चालता, असं एकदा ठाकऱ्यांनी विचारलं. सर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. सोलता सोलताच त्यांनी सांगितलं. मुकुटबनच्या बाजूला त्यांचं गाव. लहानपणी त्यांच्या जातीच्या मुलांना वर्गात बसू देत नसत. "मी ओसरीवर बसो. मास्तरचा आवाज कधी येये, कधी नाही येये. बाहेर कोंबडे, बैलं, बायांचे भांडणं. मास्तरचं तोंड दिसे तवरिक माही शाळा. तो फळ्याकडं वळला का माही शाळा सुटे." एक शेंग तोंडात टाकून पुढे म्हणाले, "अन् आमचा मास्तर फळ्यावर लय लिहे."

मग सरांनी शेंगा सगळ्यांपुढे सरकवल्या. छप्पन साली त्यांच्या घरातली सगळी माणसं नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आली होती. त्याविषयी ते मोठं भाषण कधी करत नसत. एवढंच म्हणायचे, "त्या दिवशी माही ओसरी संपली. आता कोण ओसरीवर बसून हाये, ते पाह्यनं आपलं काम."

त्या वर्षी ओसरीवर बसलेली होती यमुना. म्हणजे बसायची कॉलेजच्या त्या हायस्कुलात, वर्गातच, शेवटच्या बाकावर. मारेगावच्या एका शिंप्याची ही मुलगी आठवीत होती आणि यवतमाळला मामाकडे राहायची. नवव्या वर्षी तिला मोठा ताप आला, त्यात दोन्ही कान गेले. बोलता उत्तम यायचं, पण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ती साधं "पाणी पिऊन येऊ काय?" विचारायची तेही शेजारच्या वर्गाला कळायचं. म्हणून तिला मागे बसवलेलं. मागे बसवल्यामुळे तिला कुणाचं तोंड दिसेना. दिसेना म्हणून उत्तर येईना. हेडमास्तरांचं मत झालं, की मुलगी मंद आहे. वर्ष संपलं की नाव काढायचं आणि बापाच्या मशीनवर बसवायचं, असं त्यांनी मामाला कळवूनही टाकलं.

हेडमास्तर वाईट गृहस्थ नव्हते. मुलांना मारत नसत, गरिबांच्या मुलांना आपली जुनी पुस्तकं देत. पण सकाळपासून शाळा सुटेपर्यंत त्यांच्या गालात पान असे. यमुनाची परीक्षा त्यांनी स्वतः घेतली होती, तीही गालात पान ठेवूनच.

सर त्यांच्याशी भांडले नाहीत. ते म्हणाले, बी.टी.चा वार्षिक पाठ होतो तेव्हा नागपूरहून परीक्षक येतात. एक पाठ यमुनाच्या वर्गावर ठेवा. तिला पुढे बसवतो. परीक्षकांसमोर तिला पाठ समजला तर ती शाळेत राहील, नाही समजला तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. हेडमास्तरांनी कबूल केलं. मग सर आम्हा शनिवारवाल्यांकडे आले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बाई, तुमचं तोंड मोठं हाये. देवानं कामाचं दिलं."

माझ्या वार्षिक पाठाचे गुण पणाला लागणार होते, नोकरीही. पण नाही म्हणण्यासारखं कारण सुचेना, आणि मुलीला मशीनवर बसवायचं हा गालात पान धरून दिलेला निकाल मला पटत नव्हता. मी हो म्हटलं.

यमुनाबरोबरचे पहिले दिवस फुकट गेले. मी उजेडात उभी राही, सावकाश बोले, मिशांचा प्रश्नच नव्हता. तरी ती माझ्याकडे परदेशी माणसाकडे बघावं तशी बघे आणि मान हलवी. सरांना सांगितलं. ते येऊन बसले, थोडं ऐकलं आणि हसायला लागले. "तिचे कान गेले तवा ती मारेगावात होती. तुमचं 'मला सांग' तिनं कधी आयकलंच नाही, तर ओठावर कसं ओळखन? 'मले सांग' म्हणा."

म्हणून भर तिशीत मी वऱ्हाडी शिकले, तेही एका ऐकू न येणाऱ्या मुलीकडून. घरी आजूबाजूला ऐकलेली होतीच, पण आमच्याकडे ती बोलत नसत. यमुना माझ्या चुका काढायची. हसायची, आणि तिचं हसणंही शेजारच्या वर्गाला कळायचं. मध्ये चार दिवसांच्या सुटीत मी घाटंजीला गेले तेव्हा आईला सहज म्हणाले, "काहून, चहा नाही करत काय?" आईने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

पाठाचा दिवस आला. विषय भूगोल, आपल्या जिल्ह्याच्या नद्या. परीक्षक मोठ्या अंगाचे, झुबकेदार मिशांचे होते. बोलायला लागले तेव्हा दिसलं की तोंडात पानही आहे. नगराळे सरांनी एकदा त्या मिशांकडे पाहिलं, एकदा त्या गालाकडे, आणि खाली मान घालून छत्रीची मूठ चोळत बसले. पाठ चालू असताना आमच्या प्राध्यापकांनी एक शब्दही बोलायचा नाही, असा नियम होता.

पाठ चांगला झाला. लिहिलं, वळले, बोलले. मुलांना विचारलं, यमुनालाही विचारलं. तिने बरोबर उत्तरं दिली, खणखणीत आवाजात. वऱ्हाडीतला पाठ ऐकून परीक्षकांच्या भुवया वर गेल्या होत्या, पण खाली येताना दिसत होत्या. तेवढ्यात हेडमास्तर उठले. सभ्यपणे म्हणाले, की मुलीला बाईंच्या तोंडाची सवय झाली आहे, पाठ करूनही घेतला असेल. परीक्षक महाशयांनी स्वतः एक प्रश्न विचारावा.

परीक्षकांनी विचारला. पैनगंगा कोणत्या नदीला मिळते, हा प्रश्न मला ऐकू आला. यमुनाला दिसली ती फक्त हलणारी मिशी. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्याने. मोठ्याने विचारल्यावर मिशी जास्त हलली एवढंच. हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, मी सांगत नव्हतो? त्या नजरेत आनंद नव्हता, हे मी नोंदवून ठेवते. सर उठत उठत पुन्हा बसले. मला वाटलं, आता ही मान हलवणार आणि संपलं.

यमुनाने मान हलवली नाही. ती उभी राहिली, परीक्षकांकडे नीट पाहिलं आणि तिच्या त्या आवाजात, जो तिच्या मते हळू होता, म्हणाली, "सर, पान थुकून या. अन् इकडं उजेडात उभे राहा. मंग इचारा."

वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकदम बाकाखाली काहीतरी शोधायला सुरुवात केली. हेडमास्तरांनी स्वतःच्या तोंडातलं पान गिळून टाकलं. मी खडू हातात धरून उभी होते आणि मनात घाटंजीची गाडी किती वाजता आहे ते आठवत होते.

परीक्षक उठून बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांनी थुंकल्याचा आवाज आला, मग माठातल्या पाण्याने खळखळून चूळ भरल्याचा. ते धोतराच्या सोग्याने तोंड पुसत आत आले. सर बोलू शकत नव्हते, पण छत्रीच्या टोकाने त्यांनी खिडकीसमोरची जागा दाखवली. परीक्षक तिथे उभे राहिले. यमुनाने स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. तेही त्यांना कळलं. नागपूरहून आलेल्या त्या वजनदार गृहस्थांनी दोन्ही हातांच्या बोटांनी आपल्या मिशा वर धरल्या आणि प्रश्न पुन्हा विचारला.

"वर्धेले," यमुना म्हणाली. "वणीच्या पुढं. माही मावशी तिकडंच राह्यते. पूर आला का तिच्या घरी जाता येत नाही."

परीक्षक मिशा सोडून हसायला लागले. त्यांनी आणखी बरंच विचारलं, नद्या सोडून मावशीबद्दलही. जाताना मला म्हणाले, की भाषा ग्रामीण आहे, पण पाठ पोचला. आणि सरांना विचारलं, की हे मिशांचं तुम्ही आधी का नाही सांगितलं? सर म्हणाले, "तुम्ही परीक्षक, जी. तुमच्या मिशीले कोण हात लावन?"

हेडमास्तर सगळ्यात शेवटी आले. गिळलेल्या पानाने त्यांना घाम फुटला होता. मुलगी राहू द्या, म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे नगराळे, मी घेतली तेव्हा ती परीक्षा माझ्या पानाची झाली म्हणायची?"

"हव," सर म्हणाले, आणि ठेल्याकडे न बघता त्यांना चहाला घेऊन गेले. उलटे चालत.

यमुना पुढच्या बाकावर बसायला लागली. त्या वर्गाच्या दाराबाहेर हेडमास्तरांनी एक पिकदाणी ठेवून घेतली. शनिवारच्या दुपारी पुढल्या वर्षी खोलीत बसायला जागा पुरेना, कारण परीक्षकांच्या मिशीची गोष्ट जिल्हाभर सांगून झाली होती. मी घाटंजीला परत गेले नाही. त्याच हायस्कुलात मला जागा मिळाली आणि यमुना मॅट्रिक होईपर्यंत माझ्या नजरेसमोर राहिली. आज ती मारेगावला आहे, संसार आहे, मुलं आहेत. मुलांच्या मास्तरांना भेटायला गेली की आधी त्यांना खिडकीशी उभं करते, असं ऐकते.

तिच्या मॅट्रिकच्या वर्षी सरांना दूरच्या एका नव्या ट्रेनिंग कॉलेजात बोलावणं आलं. तिथे शनिवारची दुपार नव्हे, तर रीतसर विषय म्हणून हे शिकवायचं होतं. सर लगेच निघाले. सरांच्या पत्नी आणि मुलं सामान घेऊन दोन दिवस आधी गेली होती. एस.टी. स्टँडवर पोचवायला मी आणि यमुना गेलो. सर बाकावर बसून शेवटपर्यंत सूचना देत होते, सातवीतल्या एका मुलाला फळ्यावरचं दिसत नाही, त्याचे डोळे तपासून घ्या, वगैरे. गाडी लागली. सर चढले, गाडीतल्या मागच्या सीटवर जाऊन आमच्याकडे तोंड करून उलटे बसले. दुसरं काय करणार? धुळीने भरलेली मागची काच त्यांनी बाहीने पुसली आणि तोंड काचेशी आणलं.

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. स्टँडचं पत्र्याचं छप्पर थरथरायला लागलं. काचेआड सरांचे ओठ हलत होते, सावकाश, न वेंगाडता, उजेडात. निरोपाचं काहीतरी असणार, असं धरून मी हात वर केला आणि मान हलवली. सर बोलतच राहिले. मी आणखी जोराने मान हलवली. गाडी वळली, दारव्हा रोडला लागली.

यमुना हसत होती. मी तिच्यासमोर आले, तोंडावर ऊन घेतलं आणि विचारलं, "काय म्हणून राह्यले होते?"

"म्हणून राह्यले, छत्री बाकावर राह्यली," ती म्हणाली, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी. "अन् म्हणून राह्यले, बाई नुस्ती मान हालवून राह्यल्या, त्याइले काही समजलं नाही. तू सांग."

मी वळून पाहिलं. छत्री बाकावरच होती.